टीममध्ये आहे, पण टीमचा वाटत नाही : नाशिकच्या एका नवख्या रग्बी खेळाडूला उत्तर

मित्रा,

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू सुरगाण्याकडचा, नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, हॉस्टेलवर राहतोस. शाळेत खो-खो खेळायचास. कॉलेजात खो-खोची टीम नव्हती म्हणून रूममेटबरोबर रग्बीच्या क्लबात गेलास. त्याला अडीच महिने झाले. वजन ५८ किलो. एकही सराव चुकवलेला नाहीस, तरी मॅचच्या बारा जणांत (मैदानात सात, बाकी राखीव) तुझं नाव येत नाही. सराव संपल्यावर बाकीचे घोळका करून उभे असतात, तेव्हा त्यात जाऊन उभं राहावं की बॅग उचलून निघावं हे तुला कळत नाही. घरी आई म्हणते, हाडं मोडून घेऊ नकोस. आणि शेवटी तू विचारलंयस, "वजन वाढवू, की सोडून देऊ?"

मी अकरा वर्षं खेळलो आणि गेली नऊ वर्षं संध्याकाळी कॉलेजच्या मुलांना शिकवतो. दरवर्षी जूननंतर असा एक तरी मुलगा माझ्याकडे येतो आणि तोही वजनाबद्दलच विचारतो. वजनाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. आपल्याकडे कॉलेज आणि क्लब पातळीवर बहुतेक खेळ सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात खेळाडूंचा चालतो. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मैदान मात्र पंधरा जणांच्या खेळाएवढंच पूर्ण. एवढ्या मोकळ्या जागेत सात माणसं पुरी पडत नाहीत, म्हणून तिथं पळणाऱ्याची किंमत मोठी असते. ५८ किलोचा मुलगा विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळतो, स्क्रमहाफला, म्हणजे गर्दीतून बॉल काढून बाकीच्यांना देणाऱ्या जागेवर खेळतो. पंधरा जणांच्या खेळातसुद्धा नऊ नंबरला, म्हणजे स्क्रमहाफला, बहुतेक वेळा टीममधला लहान चणीचा खेळाडूच असतो. राहुल बोस हा नट तुला माहीत असेल. १९९८ मध्ये भारताची पहिली रग्बी टीम उतरली त्यात तो होता, आणि तो स्क्रमहाफ आणि विंगलाच खेळायचा. तेव्हा वजन हळूहळू वाढव, अंडी, शेंगदाणे, डाळ खा, पाय मजबूत कर, पण वजनामुळे तुझं अडलंय असं धरून चालू नकोस.

तुझं अडलंय ते घोळक्यापाशी. अख्ख्या प्रश्नात वजनावर तू एक ओळ लिहिलीस आणि सरावानंतरच्या त्या दहा मिनिटांवर सहा. खरा प्रश्न तोच आहे, म्हणून त्याचंच उत्तर देतो.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तुमचा कोच कसा आहे, सिनिअर्स कसे आहेत, तुझ्यामागे किती बॅकलॉग आहेत, मैदान हॉस्टेलपासून किती लांब आहे, यावर बरंच अवलंबून आहे. हॉस्टेल सातपूरकडे आणि सराव पंचवटीत असेल तर रोजचा जाण्यायेण्याचा वेळच जीव काढतो. ते तुझं तू मोजायचं. मी सांगतो ते माझ्या मैदानावर काय चालतं आणि का चालतं एवढंच.

आता खो-खोकडे येतो, कारण तुला रग्बी समजायला त्याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. पाठलागाला बसलेला असताना तू काय करायचास? पाटीत बसलास, मागे काय चाललंय ते धड दिसत नाही, आणि पाठीवर थाप पडून कानात ‘खो’ आला की उठून सुटायचास. कोणी दिला हे वळून पाहत बसलास तर धावणारा निसटला. मागून आलेल्या आवाजावर आंधळा विश्वास ठेवून उठण्याची सवय तुझ्या अंगात लहानपणापासून आहे.

रग्बीत हेच आहे, फक्त बाजू उलटी. रग्बीचा सगळा खेळ एका नियमावर उभा आहे : हाताने पास द्यायचा तो आडवा किंवा मागेच, पुढे नाही. म्हणून ज्याच्या हातात बॉल आहे त्याचे सोबती कायम त्याच्या मागे असतात. त्याच्यासमोर फक्त अंगावर येणारी माणसं. डोळे पुढे गुंतलेले, मदत मागे. मग मागे कोण आहे, डाव्या हाताला की उजव्या, किती लांब, हे त्याला कळणार कशावरून? आवाजावरून. "डावीकडे!", "जवळ आहे, जवळ!", "आत ये!" एवढ्या दोन-तीन शब्दांवर तो न बघता बॉल सोडतो. मागून आवाज नसेल तर त्याच्यापुरतं मागे कोणीच नाही. तू तिथं असलास तरी नाहीस.

मी नवीन मुलांना पहिल्या महिन्यात पासिंगपेक्षा बोलायला जास्त लावतो ते यासाठी. आणि गावाकडून आलेली, हॉस्टेलवरची मुलं इथंच मागे पडतात. अंगात दम असतो, पाय असतात, पण सिनिअरला मोठ्याने हाक मारायची म्हणजे आगाऊपणा वाटतो. "दादा, इकडे द्या ना" असं कोणीतरी पुटपुटतो, तोवर दादा टॅकल होऊन, म्हणजे समोरच्याने धरून पाडल्यामुळे, खाली पडलेला असतो. मैदानाच्या रेषेच्या आत दादा, सर, अहो-जाहो काही नाही. चौथ्या वर्षाच्या कॅप्टनला त्याचं नाव घेऊन ओरडून सांगायचं. बाहेर आल्यावर पुन्हा दादा म्हण, त्याला त्याचं काही वाटणार नाही.

माझा अनुभव सांगतो. मी सिन्नर तालुक्यातला, कबड्डीत डावा कोपरारक्षक. पहिल्या सीझनला मला कोणी पास द्यायचं नाही आणि मला वाटायचं, हे शहरातले, आपल्याला धरत नाहीत. ऑगस्टमध्ये एकदा आपसात मॅच चालली होती. दिवसभर झड लागलेली, मैदान काळ्या मातीचं, बुटाला किलो-किलोचा चिखल. अर्ध्या तासात सगळ्यांचे शर्ट एकाच रंगाचे झाले आणि उजेडही गेला. माणूस ओळखू येईना. मला स्वतःला भीती वाटायला लागली की आपल्याच माणसाला पाडीन, म्हणून मी पहिल्यांदा सतत ओरडत राहिलो, मी कुठे आहे ते सांगत राहिलो. आणि पास यायला लागले. त्या संध्याकाळी मला जेवढा बॉल मिळाला तेवढा आधीच्या दोन महिन्यांत मिळाला नव्हता. नंतर आमचा स्क्रमहाफ म्हणाला, "तू आजच आलास का रे?" त्याने मनापासून विचारलं होतं. दोन महिने मी त्याच्या मागे पळत होतो आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

तेव्हा घोळक्यात कसं उभं राहावं हा प्रश्न तू मैदानाच्या बाहेर सोडवू नकोस. तो आतच सुटतो. चाळीस मिनिटं ज्याचा आवाज कानाशी होता त्याला घोळक्यात जागा करून द्यावी लागत नाही, कोणीतरी पाण्याची बाटली त्याच्याकडे आपोआप सरकवतो.

खो-खोवाल्यांची एक खोड मात्र तुला मोडावी लागेल, आणि ती तुझ्यात असणार हे मी न बघता सांगतो. खो दिला की तू बसतोस. तुझं काम संपलं, पुढचा उठला. खो-खोचा नियमच तो आहे. रग्बीत पास देऊन जो थांबला तो टीमच्या उपयोगाचा राहत नाही. पास दिल्यावर ज्याला दिला त्याच्या मागे जायचं, तो पडला तर पहिला तू पोचला पाहिजेस. तो बॉल जमिनीवर सोडणार, कारण टॅकल झाल्यावर सोडावाच लागतो, आणि पायांवर उभं राहून, त्याच्यावर वाकून, समोरच्याला ढकलून बॉल राखणारा कोणी नसेल तर बॉल गेला. त्याला रक म्हणतात. तिथं पाठीवर बूट बसतात, तोंडात माती जाते, आणि बघणाऱ्याला कोण काय करतंय ते दिसतही नाही. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवल्याचे, पाच गुण लिहिले जातात, रकमध्ये कोण पोचलं हे कुठल्याही कागदावर येत नाही. पण जो खाली पडलेला असतो त्याला वर कोण उभं होतं ते बरोबर माहीत असतं. पुढच्या शनिवारी टीम ठरवताना कॅप्टन कोचला जे नाव सुचवतो ते बहुधा इथून येतं. माझ्याकडे तरी तसंच येतं.

(कबड्डीवाल्यांची खोड वेगळी. ते पकडलेला माणूस सोडतच नाहीत. दम तुटेपर्यंत धरायची सवय. रग्बीत खाली पाडल्याबरोबर सोडून बाजूला व्हायचं असतं, नाहीतर पेनल्टी. माझ्यामुळे टीमने पहिल्या वर्षी कितीतरी पेनल्टी दिल्या.)

मॅचला घेत नाहीत म्हणतोस. अडीच महिन्यांत घेत नसतील तर मी त्या कोचला दोष देणार नाही, उलट बरं म्हणेन. टॅकल नीट येईपर्यंत मी कोणालाही मॅचमध्ये उतरवत नाही. आधी दोघांनी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं, मग चालत, मग हळू पळत. डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या मांडीच्या वर टेकलेला, नजर वर, दोन्ही हातांचा घट्ट वेढा, पाय चालू. डोकं चुकून त्याच्या पुढच्या बाजूला राहिलं तर त्याचा गुडघा किंवा नितंब सरळ तुझ्या कपाळावर येतो. मी पाहिलेल्या डोक्याच्या बहुतेक दुखापती टॅकल करणाऱ्याला झाल्यात, होणाऱ्याला नाही. हे अंगवळणी पडायला काहींना सहा आठवडे लागतात, काहींना पूर्ण पावसाळा. तू सराव संपल्यावर कोचला एकच विचार : "माझ्या टॅकलमध्ये काय चुकतंय?" ‘मला कधी घेणार’ असं विचारलंस तर तो काहीतरी गोड बोलून वाटेला लावेल. चूक विचारलीस तर त्याला चूक सांगावी लागेल, आणि पुढच्या सरावाला तो तुझ्याकडे बघेल.

मैदानाकडेही लक्ष दे. नाशिकमध्ये पावसाळ्यातली माती माफ करते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तीच जमीन दगड होते, आणि मुरमाच्या मैदानावर तर गुडघे सोलून निघतात. त्या दिवसांत शहाणा कोच टॅकल बंद ठेवतो, टच रग्बी, म्हणजे न पाडता नुसता हात लावायचा खेळ, खेळवतो, नाहीतर गाद्या आणतो. तुमच्याकडे उन्हाळ्यात मुरमावर फुल टॅकल चालत असेल तर बोल. तुझं ऐकत नसतील तर त्या दिवशी कडेला उभा राहा.

आता एक गोष्ट मी जरा थांबून सांगणार आहे, कारण टीमचा व्हायची घाई झालेल्या मुलाला याच ठिकाणी धोका असतो. दुसऱ्या वर्षी एका मॅचच्या पहिल्या हाफमध्ये माझ्या डोक्याला गुडघा लागला. मी उभा राहिलो, डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्या वेळच्या आमच्या टीममधल्या एका मोठ्या माणसाने तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "काही नाही, खेळ." मी खेळलो. दुसरा हाफ मला आजही आठवत नाही. आम्ही जिंकलो हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मी एकटा मोटरसायकल चालवत घरी गेलो, तो रस्ताही आठवत नाही. मी बोललो नाही, कारण नुकती जागा मिळाली होती आणि ती जाईल असं वाटलं. पंधरा दिवस डोकं दुखत होतं, ट्यूबलाइट सहन होत नव्हती, आणि घरी मी परीक्षेचं टेन्शन सांगत होतो.

डोक्याला लागून कोणी गोंधळला, तेच तेच विचारू लागला, तोल गेला, मळमळलं, उजेड खुपला, तर तो खेळाडू त्या क्षणी बाहेर येतो आणि त्या दिवशी परत आत जात नाही. बेशुद्ध पडलंच पाहिजे असं नाही. त्याला गाडी चालवू द्यायची नाही, रात्री एकटं ठेवायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. उलट्या थांबत नसतील, मान दुखत असेल, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, डोकेदुखी वाढत असेल, झटके आले, तर थेट हॉस्पिटल. आणि परत मॅच किमान एकवीस दिवसांनी, त्यातही टप्प्याटप्प्याने. हा वर्ल्ड रग्बीचा, म्हणजे रग्बीच्या जागतिक संघटनेचा, क्लब पातळीवरच्या खेळाडूंसाठीचा दंडक आहे, माझा लहरीपणा नाही. माझ्या मैदानावर हे न पाळणारा मुलगा पुढच्या महिन्यात टीममध्ये नसतो, कितीही चांगला असला तरी. तुमच्या टीममध्ये लागलेलं लपवणाऱ्याला ‘वाघ’ म्हणत असतील, तर ती टीम सोड. तसंच नवीन मुलांची रॅगिंग, जबरदस्तीने दारू पाजणं, असलं काही ‘टीममध्ये घ्यायची पद्धत’ म्हणून चालत असेल तर तिथं एक दिवसही थांबू नकोस. ‘सोडून देऊ का’ याला माझ्याकडून सरळ ‘हो’ फक्त या दोन ठिकाणी मिळेल.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण हॉस्टेलवरच्या मुलाला ते असतंच. रविवारी सरावानंतर सगळे मिसळ खायला जातात, कॉन्ट्री निघते, आणि तू दरवेळी काम आहे म्हणून सटकत असशील. मीही सटकायचो. एकदा कॅप्टनला बाजूला घेऊन खरं सांगून टाक की दर रविवारी जमणार नाही. कुठल्याही बऱ्या टीमला हे समजतं. आमच्याकडे त्यावर रीत अशी पडली आहे की नोकरीला लागलेली जुनी मुलं महिन्याला थोडी वर्गणी देतात आणि त्यातून कॉलेजच्या मुलांचा चहा-नाश्ता आणि मॅचचा प्रवास निघतो. ज्याला पैसे देता येत नाहीत तो बिब्स (सरावात टीम ओळखायला घालायची रंगीत बंड्या) धुऊन आणतो, खुणेचे प्लास्टिकचे कोन लावतो, बॉलमध्ये हवा भरतो. यात कमीपणा कसला? मैदानात सगळ्यात आधी येऊन कोन लावणाऱ्या मुलाशी कोच रोज दहा मिनिटं एकटा बोलतो, हा तर फायदाच झाला.

वर्गणीवरून आठवलं. कोलकात्यात १८७० च्या दशकात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता. माणसं कमी होत गेली आणि तो बंद करायची वेळ आली. बँकेत पैसे शिल्लक होते. त्यांनी ते चांदीच्या रुपयांत काढले, वितळवले आणि त्याचा एक कप बनवला. तीन नागांचे दांडे, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठी खेळतात, आजही. सभासदांनी पैसे वाटून घेतले असते तर त्या क्लबाचं नाव आज कोणाला माहीत नसतं. मी दर वर्षी हे नव्या मुलांना सांगतो, कारण दोन-तीन वर्षांनी तूही नाशिक सोडून पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाशील आणि टीम इथंच राहील.

अभ्यासाचं थोडक्यात. सबमिशन आणि ओरलच्या आठवड्यात सराव सोड, पण न सांगता गायब होऊ नकोस. ‘१२ ते २० येणार नाही’ असा एक मेसेज टाक. आठ दिवस गायब झालेल्या नवख्याचं नाव लोक विसरतात, सांगून गेलेल्याची वाट पाहतात. मेसवाल्या काकांशीही आधी बोलून ठेव. सरावाच्या दिवशी डबा झाकून ठेवला नाही तर तू उपाशी झोपशील, आणि उपाशी पोटी वजन काय वाढणार? नोकरीतल्या खेळाडू कोट्यासाठी खेळायचं मनात असेल तर मात्र त्याच्या भरवशावर राहू नकोस. कुठल्या पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम कडक असतात आणि बदलतातही.

राहिली आई. फोनवर समजावू नकोस, फोनवर फक्त भीती वाढते. पुढच्या वेळी घरचं कोणी नाशिकला आलं की मैदानावर घेऊन ये. मुलं गुडघ्यावर बसून टॅकल शिकताना दिसली, कोच ओरडून डोकं कुठं ठेवायचं ते सांगताना दिसला, की त्यांना कळतं की हे मारामारीसारखं नाही. माझ्या वडिलांनी मला कबड्डीत पाहिलं होतं. रग्बीच्या सरावाला ते एकदाच आले, तासभर बांधावर बसल्यासारखे कडेला बसले आणि जाताना एवढंच म्हणाले, "यात पडलेल्याला उचलतात, ते बरं आहे." दुखापत होणारच नाही असं आईला सांगू नकोस, ते खोटं ठरेल. खांदे, घोटे, बोटं यांना लागतं. काय काळजी घेतोस ते सांग. २०१६ पासून सेव्हन्स ऑलिंपिकमध्ये आहे, २०२५ मध्ये मुंबईत त्याची लीगही झाली, हेही सांग. घरच्यांना खेळाचं नाव ओळखीचं झालं की निम्मी भीती जाते.

तर आता लगेच काय कर? पुढच्या तीन सरावांत एकच काम मनावर घे. बॉल असलेल्याच्या मागे दोन-तीन पावलांवर राहा, त्याचं नाव घे, बाजू सांग, आणि पास दिलास की त्याच्या मागे जा. पहिल्या दिवशी आवाज निघणार नाही, निघाला तर चोरटा निघेल. सुरगाण्याच्या मैदानावर पाठलागाला असताना ‘खो’ किती मोठ्याने द्यायचास ते आठव, तेवढाच इथं हवा. महिन्याभराने काय झालं ते कळव, मी वाट पाहीन. आणि पैसे जमले की आधी दात वाचवणारं माउथगार्ड घे, बूट नंतर. तोवर जुने फुटबॉलचे स्टड्स चालतील, फक्त बोटांच्या टोकाशी एकटा स्टड असलेले नकोत, त्यांना रेफरी आत सोडत नाही.